गाळलेली तेविसावी ओळ

ती ओळ मी गाळली. प्रयोगशाळेनं नाही, संगणकानं नाही, आमच्या संघटनेतल्या काकांनीही नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आम्हा चळवळवाल्यांना कुठल्याही प्रकरणात आधी गुन्हेगार हुडकायची सवय असते, आणि हे वाचताना तुम्हीही त्याच कामाला लागाल. तुमचा वेळ वाचवते.

हिंगणघाटच्या बाहेर कापड रंगवणारा एक कारखाना आहे. त्याचं पाणी नाल्यात जातं आणि नाला वणा नदीत. नाल्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत विहिरींचं पाणी खारट झालं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, काही विहिरींत तर बादली वर आली की पाण्याला फिकट जांभळी झाक दिसते. त्यावर आम्ही सलग तीन वर्षं पत्रकं काढली. बहुतेक मी लिहिली. लिहायला शिकवलं काकांनी. ते गिरणीतले जुने कामगार, आता निवृत्त, आणि अख्ख्या तालुक्यात पत्रक कसं लिहावं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांचे नियम पाठ आहेत मला. मथळा पाच शब्दांच्या वर नको. एका परिच्छेदात एकच आकडा. 'कदाचित' हा शब्द वापरायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, एका पत्रकाला एकच शत्रू. "दोन शत्रू दाखवले ना, का मानूस कोनाशीच भांडत नाई," ते म्हणायचे. "घरी जाऊन जेवते अन् झोपते."

पण पत्रकानं काही झालं नाही. अधिकारी म्हणायचे, या भागातलं पाणी मुळातच खारं असेल, कारखान्यामुळेच झालं याला पुरावा काय? मग एक समिती नेमली गेली. ती वर्ध्यात जनसुनावणी घेणार आणि कोणत्या कोणत्या विहिरींना, बोअरना पर्यायी नळाचं पाणी द्यायचं त्याची यादी करणार असं ठरलं. यादीत नाव आलं तर नळ, नाही आलं तर तेच पाणी. इतकं सोपं होतं ते.

पुरावा गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण संघटनेत संख्याशास्त्र शिकलेली मी एकटीच. आमचं घर सिंदी गावचं, शेतीवाल्यांचं. मुलीनं बीएस्सी करून बँकेच्या परीक्षा द्याव्या एवढीच त्यांची अपेक्षा. ते राहिलं बाजूला.

पंधरा दिवस स्कूटीवरून फिरले. चाळीसेक ठिकाणचे नमुने. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, पट्टीवर ठिकाण लिहायचं. गावात शिरलं की आधी चौकातली विहीर, मग शाळेजवळची, मग नाल्याकाठची, आणि अगदी शेवटी, ऊन डोक्यावर आलं की, बुद्धविहारापलीकडची वस्ती. प्रत्येक गावात हाच क्रम. ठरवला कुणीच नव्हता. रस्ताच तसा आहे, असं मी स्वतःला सांगायची.

यातल्या ज्या एका वस्तीबद्दल मी लिहितेय तिथं विहीर नाही. एक खोल बोअर आहे, त्याला हातपंप. पंपासमोर एका मावशीचं घर. रोजानं निंदणाला जाणारी बाई, त्या दिवशी काम नव्हतं म्हणून घरी होती. तिनंच हापसून दिलं.

"आमचं बी पानी नेता काय?"

"सगळ्यांचं नेतो मावशी."

"नेते सगळेच. सांगाले कोनी येत नाई."

तिची मुलगी दारात उभी होती, सहावीतली. बोलताना तोंडावर हात. मावशी म्हणाली, "दाखव वं ताईले." मुलगी आत पळाली. "दात पिवळे पडले तिचे, आता तर काळे पट्टे उठून राह्यले. शाळेत पोट्टे तिले खर्रावाली म्हनते, तंबाखू-सुपारी खाल्ल्यावानी. अन् पाय दुखते म्हने, खाली बसाले गेली का उठता येत नाई. आता बारा वर्साच्या पोरीचे गुडघे दुखाव काय, तूच सांग."

मी डॉक्टरला दाखवा म्हणाले. माझ्या वहीत दातांसाठी रकाना नव्हता.

प्रयोगशाळेचे अहवाल कागदावर आले आणि मी ते संगणकात भरायला बसले. एक ओळ म्हणजे एक विहीर किंवा बोअर, एक रकाना म्हणजे पाण्यातली एक गोष्ट. क्षार, क्लोराइड, सोडियम, कॅल्शियम, नायट्रेट, फ्लोराइड, रंग, आम्लता. लोकांना वाटतं विश्लेषण म्हणजे बटण दाबणं. बटण शेवटी येतं. त्याआधी चार दिवस मी नुसती साफसफाई करत होते. कुठं 'आढळले नाही' लिहिलेलं. त्याला शून्य म्हणायचं की यंत्राला दिसलं नाही एवढंच समजायचं? शून्य म्हटलं तर आपण पाण्याला जास्तच निर्दोष ठरवतो. दोन विहिरींच्या कॅल्शियमची जागा कोरीच होती. कोरी जागा दिसली की ते सॉफ्टवेअर काही न सांगता ती अख्खी ओळ सोडून देतं. त्या दोन्ही ओळी मी भांडून वाचवल्या, प्रयोगशाळेला फोन केले, आकडे पुन्हा मागवले. म्हणजे ओळ कशी वाचवायची हे मला येत होतं.

मग बटण दाबलं. प्रधान घटक विश्लेषण म्हणतात त्याला, आम्ही नुसतं पीसीए म्हणायचो. आठ रकाने एकदम डोळ्यांसमोर धरता येत नाहीत, म्हणून ते सगळे ठिपके ज्या दिशेनं सगळ्यात जास्त पसरलेत ती दिशा शोधायची. तो पहिला घटक. मग त्याच्याशी काटकोनात, उरलेला पसारा जिथं जास्त आहे ती दुसरी दिशा. तो दुसरा घटक. कोणत्या दिशेत कोणत्या रकान्याचा किती भार आहे ते पाहायचं आणि अर्थ लावायचा. अर्थ संगणक लावत नाही. अर्थ माणूस लावतो, आणि तिथंच सगळी घाण होते.

पहिल्या वेळी जवळपास सगळा पसारा पहिल्या घटकात आला. मी आनंदानं काकांना फोन केला. ते म्हणाले, "एकाच रेघेत सापडला काय? वा." पण तो माझा गाढवपणा होता. क्षारांचे आकडे हजारात, फ्लोराइडचे एक-दोनात. ज्याचा आकडा मोठा त्याचाच आवाज ऐकू येत होता, बाकीचे सात रकाने सभेत मागं बसलेल्या बायांसारखे गप्प. मग प्रत्येक रकान्यातून त्याची सरासरी वजा केली, त्याच्या प्रमाण विचलनानं भागलं. आता सगळे सारख्या उंचीचे. एका रकान्याला एक मत. पुन्हा चालवलं.

आता चित्र खरं आलं. पहिल्या घटकात क्षार, क्लोराइड, सोडियम आणि रंग एकाच बाजूला, आणि नाल्याकाठच्या विहिरी ओळीनं त्याच टोकाला जाऊन बसलेल्या. जे आम्ही तीन वर्षं ओरडत होतो ते तिथं दिसत होतं. आणि दुसऱ्या घटकात फ्लोराइड वर, कॅल्शियम खाली. त्या दिशेत बाकीचे सगळे ठिपके मधोमध गोळा झालेले आणि एकच ठिपका पार वर, एकटा. ओळ क्रमांक तेवीस. वस्तीचा बोअर.

अभ्यासक्रमात शिकवलेलं आठवत होतं. एक लांबचा ठिपका अख्खा अक्ष आपल्याकडे ओढू शकतो. असा ठिपका दिसला की आधी टंकताना चूक झाली का पाहायचं, मग बाटली पाहायची, मग त्याच जागी जाऊन पुन्हा पाणी घ्यायचं. यातलं पहिलं मी केलं. आकडा बरोबर होता. फ्लोराइड जास्त असलं की दातांना आणि हाडांना काय होतं हेही मला माहीत होतं. अर्धवट माहीत होतं, असं म्हणण्याची सोय मी बरेच दिवस ठेवली होती. आता ठेवत नाही.

सुनावणीला चार दिवस होते. काका चित्र पाहायला कार्यालयात आले, चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले.

"हा वरतं काऊन लटकून राह्यला एकटाच?"

"तो वस्तीचा बोअर आहे काका. फ्लोराइड आहे त्यात."

"फ्लोराइड कारखाना सोडते काय?"

"नाही. बोअर खोल आहे, खालच्या दगडातून येतं ते."

"मंग आता दगडावर मोर्चा काढतं काय?"

मी हसले. तेव्हा खरंच हसू आलं मला.

काका हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "त्याईचा वकील हे चित्र हातात घेईन अन् म्हनन, पाहा साहेब, इथला दगडच खराब हाय, कारखान्याचा काय दोष? बारा गावं हायेत पोरी आपल्या मागं. आपल्या हातानं त्याईले काडी देऊ नोको."

'ती ओळ गाळ' असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती, त्यांनीच घडवलेली मी. ते गेल्यावर मी तेविसावी ओळ निवडली आणि काढून टाकली. पुन्हा चालवलं. दुसरा घटक विझल्यासारखा झाला, त्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. उरला पहिला. सरासऱ्याही थोड्या हलल्या. त्या बोअरला वगळून काढलेली सरासरी आता सगळ्या भागाची सरासरी झाली. अहवालाच्या खाली, बारीक अक्षरात, मी लिहिलं, 'एक निरीक्षण वगळले. नमुना दूषित असण्याची शक्यता.' बाटली मी स्वतः तीनदा विसळली होती.

पत्रकाचा मथळा होता, 'पहिला घटक म्हणजे कारखाना'. तोही खोटाच. पहिला घटक म्हणजे फक्त सगळ्यात लांब पसरलेली दिशा. त्या दिशेला कारखाना उभा आहे हे आम्ही विहिरीचं नाल्यापासूनचं अंतर मोजून, जुन्या माणसांना विचारून दाखवायला हवं होतं, आणि थोडंफार दाखवलंही होतं. पण 'दिशा' असं लिहिलं की पत्रक कोण वाचतं? गावोगाव सभा घेऊन मी ते चित्र समजावलं. एक ठिपका म्हणजे तुमची एक विहीर, असं बोट ठेवून सांगितलं. वस्तीतल्या बायाही त्या सभेला आल्या होत्या, मागं बसल्या होत्या.

सुनावणी आम्ही जिंकली. कारखान्याच्या वकिलाला आमच्या तक्त्यात बोट घालायला जागा सापडली नाही. समितीनं आमचाच तक्ता कामकाजात जोडून घेतला आणि काही आठवड्यांनी जी यादी लागली ती ओळीनं आमच्याच तक्त्याची नक्कल होती. बारा गावं. घोषणा झाल्या, पेढे झाले. काकांच्या डोळ्यात पाणी आलं. मी तर अख्खा दिवस तरंगत होते.

मावशी आठवडी बाजाराच्या दिवशी आली. हिंगणघाटला आमचं कार्यालय म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली. जिना चढून आली, मुलगी सोबत. मुलीनं प्रत्येक पायरीवर कठड्याला धरलं. मावशीनं पिशवीतून आमचंच पत्रक काढलं, चित्र आणि तक्ता छापलेलं, चार घड्या घातलेलं, आणि टेबलावर पसरलं.

"आमचा ठिपका कोनता हाय?"

मी पत्रक माझ्याकडे फिरवून घेतलं.

"तू म्हनली होती, एक ठिपका म्हंजे एक विहीर. तक्त्यात आमच्या गावाच्या नावानं चार पाह्यजे. चौकातली, शाळेतली, नाल्यावरची अन् आमचा बोअर. हिनं मोजले." तिनं मुलीकडे मान केली. "तीनच भरते. दोनदा मोजले."

मुलगी तोंडावर हात धरून म्हणाली, "तीनदा."

मी सांगितलं. आडवळणानं सुरुवात केली, नमुना दूषित असेल असं अहवालात लिहिलं, शंका होती, वगैरे. मावशीनं मध्येच थांबवलं.

"खराब काय होतं? बाटली का पानी?"

"पाणी."

"मंग बाटली खराब म्हून काऊन लिवलं?"

उत्तर होतं, पण ते एका पत्रकाला एकच शत्रू असं होतं, आणि ते त्या बाईसमोर तोंडातून निघेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्रकाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. "आता काय करतं मंग?" एवढंच विचारलं.

मी आधी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे गेले. यादीवर त्याचीच सही होती. त्यानं शांतपणे ऐकलं, फाईल काढली, माझंच बारीक अक्षर मला दाखवलं. "मॅडम, नमुना दूषित असं तुम्हीच लिहून दिलंय. त्यावरून समितीनं यादी केली. आता म्हणता तो चांगला होता. मग बाकीचे बरोबर कशावरून?" त्याच्या बोलण्यात कुठंही वाकडेपणा नव्हता. तसा असता तर भांडता आलं असतं. गावाचं नाव यादीत आहेच, तो म्हणाला, तेव्हा गाव पूर्ण झालेलं धरलंय. वस्तीचा वेगळा अर्ज करा. सरकारी प्रयोगशाळेतून तीन ऋतूंचे तीन नमुने लागतील, मग पुढच्या आराखड्यात बघू.

काकांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तू हे कागदावर कबूल केलं, का कारखानेवाले अख्खी यादी कोर्टात नेते. बारा गावाचं पानी बंद करशीन एका बोअरसाठी?"

"एका बोअरवर पंचवीस घरं आहेत काका."

"मले काय मोजता येत नाई?" ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "थांब थोडी. पाइप पडू दे. मंग दे."

मी थांबले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पाइप पडेपर्यंत थांबले, आणि ते पडायला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले. बारा गावांचे नळ सुरू झाले तेव्हा मी लेखी निवेदन दिलं की नमुना चांगला होता आणि मी तो जाणूनबुजून वगळला. पोच मिळाली. काकांनी तेव्हापासून मला पत्रक लिहायला दिलेलं नाही.

वस्तीच्या गावात पाइप चौकापर्यंत गेला. सार्वजनिक नळ चौकात. वस्तीतून तो लांब नाही, सात-आठ मिनिटं. पण आता वस्तीतल्या बायांना पाण्याची गुंडी घेऊन चौकात जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिथं त्यांना ऐकावं लागतं, "तुमचा बोअर हाय ना तिकडं, मंग इथं काऊन?" मावशी कामावरून आली की एक गुंडी भरून आणते. मुलीच्यानं ती उचलवत नाही.

सरकारी प्रयोगशाळेच्या पहिल्या नमुन्यासाठी मी परवा तिथं गेले होते. या वेळी मावशीनं मला पंपाला हात लावू दिला नाही. हापसलं तिनंच, बाटली विसळली तिनंच, आणि पट्टी मुलीकडून लिहून घेतली. मग खाली माझी सही मागितली. केली. मुलीचा एक गुडघा आता आत वळल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणाला पाणी बदला.

मी निघताना मावशीनं तांब्या आणि पेला आणून समोर ठेवला. "बोअरचं नाई देत तुले," ती म्हणाली. "चौकातलं हाय."

कोपऱ्यातल्या छोट्या मडक्यातलं पाणी होतं ते, मुलीसाठी वेगळं ठेवलेलं. मडकं अर्ध्याच्या खाली गेलेलं मला दिसत होतं. नको म्हणावं असं तोंडावर आलं. पण आमच्या घरच्या माणसानं त्या घरात पाण्याला नको म्हणणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. माझ्या आजीनं जन्मभर तसंच नको म्हटलं होतं. मावशी उभी राहून पाहत होती.

मी पेला उचलला आणि पूर्ण प्यायले. गोड पाणी होतं. मावशीचा चेहरा जरा सैल पडला. मुलगी भिंतीला धरून उठली, दुसरा पेला घेतला आणि प्यायला पंपावर गेली.